दोन माणसांचा चेनसॉ: झाड पाडायच्या यंत्राला दुसरा माणूस का लागायचा?

अमेरिकेच्या वायव्य भागात किंवा पश्चिम कॅनडात लाकूडतोडीची लहानमोठी संग्रहालयं पुष्कळ आहेत. तिथे एक अवजड यंत्र हमखास पाहायला मिळतं. एका टोकाला भलंथोरलं इंजिन आणि ते धरायला मोटरसायकलसारखं हँडल. इंजिनातून बाहेर आलेली चार, सहा, कधी आठ फूट लांबीची पोलादी पट्टी, तिच्याभोवती दातेरी साखळी आणि पट्टीच्या पार दुसऱ्या टोकाला आणखी एक मूठ. ही दुसरी मूठ कशासाठी? आज एकटा माणूस पाच-सहा किलोचा चेनसॉ घेऊन वादळात पडलेला गुलमोहर तासाभरात रस्त्यावरून हटवतो. तेव्हा त्याच कामाला दोघं का लागत?

'यंत्र जड होतं म्हणून' हे उत्तर खरं आहे, पण अपुरं. यंत्र जड का होतं, हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर कार्ब्युरेटर (इंजिनाला हवा-पेट्रोलचं मिश्रण देणारा भाग), गिअर आणि साखळीचे दाते या तीन ठिकाणी सापडतं. दात्यांचं कोडं सगळ्यांत उशिरा सुटलं. ते कळायचं तर आधी हाताने ओढायची करवत नीट बघायला हवी, कारण पहिल्या चेनसॉची साखळी म्हणजे त्या करवतीचीच नक्कल होती.

हातकरवतीचे दाते

लाकूड म्हणजे बारीक उभ्या नळ्यांची घट्ट बांधलेली मोळी. सुतार ओंडक्याच्या फळ्या पाडतो तेव्हा करवत या नळ्यांच्या दिशेनेच जाते. झाड पाडताना किंवा ओंडक्याचे तुकडे करताना मात्र या नळ्या आडव्या तोडाव्या लागतात. नुसते टोकदार दाते घासले तर तंतू तुटतात, पण तुटलेले तुकडे फटीतच राहतात आणि करवत त्यांतच रुतते.

म्हणून आडव्या कापाच्या मोठ्या करवतीला दोन जातींचे दाते असतात. पहिले कापणारे. ते सुरीसारखे तासलेले असतात आणि एक डावीकडे, एक उजवीकडे असे किंचित वाकवलेले असतात. ते फटीच्या दोन्ही कडांवर तंतू चिरत जातात. दोन-दोन किंवा चार-चार कापणाऱ्या दात्यांनंतर एक दुसऱ्या जातीचा दाता येतो, त्याला रेकर म्हणतात. त्याचं काम आपल्या खुरप्याचं. दोन्ही बाजूंनी चिरलेली पट्टी तो खालून उचलतो आणि दात्यांमधल्या खोबणीत गोळा करून बाहेर नेतो.

करवतीचं सगळं यश एका छोट्या मापावर असतं. रेकर कापणाऱ्या दात्यांपेक्षा किंचित ठेंगणा हवा. हा फरक साधारण पाव मिलिमीटर, म्हणजे इंचाचा शंभरावा भाग. कोरड्या, कठीण लाकडाला त्याहूनही थोडा कमी चालतो, तर ओल्या, मऊ लाकडाला दुपटीहून जास्त लागतो. रेकर उंच राहिला तर तंतू चिरले जाण्याआधीच तो त्यांना धडकतो. मग करवत अडखळते, हिसके देते. तो फार ठेंगणा झाला तर चिरलेली पट्टी उचललीच जात नाही आणि पिठासारखा भुसा पडत राहतो. दोघं घामाघूम होतात आणि काप पुढे सरकत नाही. बरोबर लावलेल्या करवतीतून भुसा पडत नाही, शेवयांसारखे लांब धागे पडतात. ही खूण जाणकार आजही आधी बघतात.

धार लावायचा क्रम ठरलेला असतो आणि तो बदलला की काम बिघडतं. आधी सगळ्या दात्यांच्या टोकांवरून सपाट कानस फिरवून त्यांची उंची एका ओळीत आणायची. मग रेकर मापपट्टीत धरून ठरलेल्या उंचीपर्यंत उतरवायचे आणि त्यांची टोकं हलक्या हातोडीने पुढे वाकवायची. त्यानंतर कापणारे दाते कानसून त्यांना टोक आणायचं. टोकावर आधीच्या सपाटीचा चकाकता ठिपका दिसेनासा झाला की त्याच क्षणी थांबायचं, नाहीतर तो दाता इतरांपेक्षा आखूड होतो. सगळ्यात शेवटी प्रत्येक दाता वाकवून घ्यायचा, तोही इंचाच्या शंभराव्या भागाच्या आसपासच. एका लांब करवतीला यात कित्येक तास जातात. मोठ्या तोडीच्या तळावर म्हणूनच धार लावणारा माणूस वेगळा असे, त्याला वेगळी खोली आणि भरपूर उजेड मिळे आणि त्याची मजुरीही चांगली असे.

या करवतींचे दोन मुख्य प्रकार होते. उभं झाड पाडायची करवत पातळ आणि लवचीक असते, तिची पाठ आत वळलेली असते. पाठ अरुंद असल्याने करवत थोडी आत गेली की मागून पाचर ठोकता येते. पडलेल्या ओंडक्याचे तुकडे करायची करवत सरळ पाठीची, रुंद आणि ताठ असते. ती एकट्यालाही चालवता येते. चांगल्या करवतीचं पातं सगळीकडे एकसारखं जाड नसतं. दात्यांच्या बाजूला ते जाड आणि पाठीकडे पातळ घासलेलं असतं, म्हणजे फट मिटायला लागली तरी पाठ पकडली जात नाही.

दोघांनी ओढायच्या करवतीचा नियम आपल्याकडच्या करवत्यांनाही ठाऊक आहे: फक्त ओढायचं, ढकलायचं नाही. लांब पातळ पातं ढकललं की वाकतं. समोरचा ओढत असताना आपण मूठ नुसती सैल धरायची. नवखा माणूस त्या वेळी मुठीवर भार टाकतो आणि समोरच्याला करवतीबरोबर त्यालाही ओढावं लागतं.

वायव्य अमेरिकेतली डग्लस फर, रेडवुड, सीडर ही झाडं अवाढव्य. सहा-आठ फूट व्यासाचा बुंधा म्हणजे तिथे नवल नव्हतं. मुळाजवळ बुंधा फुगलेला आणि राळेने भरलेला असतो, म्हणून तोडणारे जमिनीपासून बरेच वर जाऊन कापत. त्यासाठी कुऱ्हाडीने बुंध्यात खाच पाडून तिच्यात लोखंडी टोकाची फळी अडकवत आणि त्या फळीवर उभे राहून करवत ओढत. जुन्या कापलेल्या बुंध्यांवर डोळ्यांसारख्या दोन खाचा अजून दिसतात, त्या या फळ्यांच्याच. राळेने पातं चिकटायला लागलं की त्यावर रॉकेल शिंपडत. रॉकेलची बाटली आकडा लावून झाडाच्या सालीतच टांगलेली असे.

ओढायला वाफ आली, पाडायला मात्र हातच

झाड पाडणं हे काम अर्धंच. तो कित्येक टनांचा ओंडका नदीपर्यंत किंवा रुळापर्यंत न्यायचा कसा? आधी हे काम बैलांच्या जोड्या करत. आडव्या ओंडक्यांची वाट करायची, तिला वंगण फासायचं आणि ओंडका घसरत न्यायचा. आपल्याकडे गडचिरोलीच्या जंगलात हेच काम हत्तींनी केलं. कमलापूरचा हत्ती कॅम्प मुळात त्यासाठीच होता.

१८८१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या युरेका इथे जॉन डॉलबीअर यांनी वाफेवर फिरणारा रहाट जंगलात आणला. उभा बॉयलर, एक इंजिन आणि दोर गुंडाळायचा रूळ. त्याला 'डाँकी' म्हणत. त्याच वर्षी एफ्रैम शे यांना त्यांच्या दंतचक्रांवर चालणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचं पेटंट मिळालं. ते इंजिन जंगलातल्या तीव्र चढावर आणि वेड्यावाकड्या रुळांवर हळू, पण न घसरता चाले. १९०१ मध्ये मेन राज्यातल्या अल्विन लोंबार्ड यांनी पट्ट्यांवर चालणारं वाफेचं ओढयंत्र बनवलं. ते बर्फातून लाकडाने भरलेल्या घसरगाड्यांची रांग ओढून नेई. रणगाड्याच्या आणि बुलडोझरच्या पट्ट्यांचा विचार इथे आधीच प्रत्यक्षात उतरला होता.

म्हणजे ओढण्याचं काम यंत्राकडे गेलं त्याला पेट्रोलवरचा पहिला चेनसॉ येईपर्यंत साडेचार दशकं उलटून गेली होती. कारण वजनाचं. डाँकी कितीही जड असली तरी चालत होती, कारण ती दोर दूरच्या झाडाला बांधून स्वतःच स्वतःला ओढत नव्या जागी जाई. पाडायचं यंत्र मात्र प्रत्येक झाडापाशी माणसाने उचलून न्यायचं, उतारावर धरायचं आणि झाड पडायला लागलं की तिथून पळायचं. वाफेवर चालणाऱ्या करवतीही बनल्या होत्या. त्या बॉयलर आणि नळीच्या आवाक्यात असलेलं झाडच कापू शकत.

इंजिन आणि कलंडलेली स्कूटर

अँड्रिआस श्टील यांनी १९२६ मध्ये श्टुटगार्टमध्ये आपला उद्योग सुरू केला. त्यांचा पहिला चेनसॉ विजेवर चालणारा होता आणि दोघांनी चालवायचा होता. वीज असलेल्या वखारीत तो उपयोगी, घनदाट जंगलात नाही. १९२७ मध्ये एमिल लेर्प यांनी थुरिंगियातल्या डोल्मार डोंगरावर पेट्रोलवरचा चेनसॉ चालवून दाखवला. त्याचं वजन ५८ किलो होतं आणि त्या डोंगराचंच नाव पुढे कंपनीला मिळालं. १९२९ मध्ये श्टील यांचा पेट्रोल चेनसॉ आला, ४६ किलोचा, सहा अश्वशक्तीचा.

ही इंजिनं दोन स्ट्रोकची होती. पेट्रोलमध्ये तेल मिसळायचं, दोरी ओढून चालू करायचं, प्लग काळा पडला की काढून पुसायचा. ल्युना किंवा जुनी स्कूटर वापरलेल्या कुणालाही ही तब्येत ओळखीची वाटेल. अडचणही त्याच स्कूटरवरून समजते. सकाळी चालू होत नसलेली बजाज एका बाजूला कलंडवून मग किक मारायची, हे घराघरात चालायचं. कलंडवल्याने काय व्हायचं? कार्ब्युरेटरच्या छोट्या वाटीत पेट्रोल असतं आणि त्यावर एक पोकळ गोळा तरंगतो. वाटी भरली की गोळा वर येऊन पेट्रोलचा रस्ता बंद करतो. गाडी तिरकी केली की हा हिशेब बिघडतो आणि जास्तीचं पेट्रोल आत उतरतं. स्कूटरला तेवढ्यापुरतं ते हवं असतं. चेनसॉचं तसं नाही. इंजिन आडवं झालं की एक तर पेट्रोल ओसंडतं, नाहीतर पुरवठा तुटून इंजिन बंद पडतं.

उभं झाड पाडताना साखळीची पट्टी जमिनीला समांतर हवी. पडलेला ओंडका कापताना तीच पट्टी उभी हवी. इंजिन मात्र दोन्ही वेळा सरळच राहायला हवं. यावरचा तोडगा म्हणजे इंजिन आणि पट्टी यांच्यामध्ये फिरता सांधा बसवणं. खिट्टी ओढायची, पट्टी ९० अंशांत वळवायची, खिट्टी परत बसवायची. इंजिन जागचं हलत नाही. कल्पना नामी होती, पण अशा सांध्यातून ताकद पलीकडे न्यायची तर तिरप्या दंतचक्रांची जोडी लागते, तिला पेटी लागते, पेटीत तेल लागतं. शिवाय इंजिनाचा वेग साखळीला सोसेल इतका कमी करायलाही गिअर हवेतच. वजन वाढतच गेलं.

मग एक दुष्टचक्र सुरू झालं. यंत्र जड झालं म्हणून दुसरा माणूस हवा. दुसरा माणूस बुंध्याच्या पलीकडे उभा राहणार, म्हणून पट्टी बुंध्याहून लांब हवी. पट्टी लांब, म्हणून साखळीही लांब आणि तिला फिरवायला इंजिन आणखी मोठं. दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि जर्मन माल उत्तर अमेरिकेत येईनासा झाला तेव्हा तिथल्या कारखान्यांनी स्वतःची यंत्रं काढली. फिलाडेल्फियाच्या डिस्टन या करवतींच्या जुन्या कंपनीने मर्क्युरी इंजिनं घेऊन जोड-सिलिंडरचे चेनसॉ बनवले आणि ते सैन्यालाही पुरवले. शिकागोत मॉल, व्हँकूव्हरमध्ये आयईएल ही नावं पुढे आली. ही यंत्रं ताकदीला जबरदस्त होती, पण सांध्यावर फिरणारी पट्टी आणि दुसऱ्या टोकाची मूठ ही घडण तीच राहिली.

साखळीचं कोडं

इंजिन लावलं, पण साखळीवरचे दाते कसे असावेत यावर पहिली वीस वर्षं जवळजवळ सगळ्यांनी एकच उत्तर दिलं: हातकरवतीसारखे. डावा कापणारा, उजवा कापणारा, मध्ये रेकर, पुन्हा तेच. हातात चाललं ते यंत्रात का चालू नये?

हातकरवत सावकाश चालते आणि ओढणाऱ्याच्या हाताला प्रत्येक अडखळणं कळतं, तो आपोआप दाब कमी करतो. इंजिनाला हे कळत नाही. दाते सरळ उभे, टोकदार. ते लाकूड खरवडत जातात, म्हणून अशा साखळीला ओरखडणारी साखळी म्हणत. एखादा दाता जरा उंच राहिला तरी तो लाकडात घुसून बसतो आणि सगळं यंत्र हिसका खातं. मोठ्या वजनाचा एक छुपा फायदा इथे होता: पन्नास किलोचं धूड या हिसक्यांनी सहज उडत नसे. हलकं यंत्र घेऊन ही साखळी एकट्याने लांबवर चालवणं अवघड होतं.

धार लावायचं काम तर करवतीहून कठीण. सहा फुटांच्या पट्टीवरची साखळी बारा फुटांहून लांब असते. तिच्यावर निरनिराळ्या जातींचे दाते, प्रत्येकाचा कोन वेगळा, रेकरची उंची वेगळी. साल आणि माती लागलेल्या लाकडात ती लवकर बोथट होते. बोथट झाली की धूर निघतो, माणसं जोर लावतात, साखळी तापून ताणली जाते आणि पट्टीवरून उतरते किंवा तुटते.

१९४६ मध्ये ओरेगनमधल्या जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याचं लक्ष एका बुंध्यातल्या अळीकडे गेलं. लाकूड पोखरणाऱ्या एका मोठ्या भुंगेऱ्याची ती अळी, माणसाच्या बोटाएवढी जाड. ती तंतूंच्या दिशेने आणि आडवीही, सारख्याच सहजतेने लाकूड खात पुढे जात होती. तिचे दोन जबडे इंग्रजी 'सी' अक्षरासारखे वळलेले, एक डावीकडून आणि एक उजवीकडून आळीपाळीने चालणारे. ती लाकूड ओरखडत नव्हती, तासत होती. कॉक्स यांनी तोच आकार पोलादात उतरवला आणि १९४७ मध्ये पोर्टलंडमधल्या आपल्या घराच्या तळघरात साखळ्या बनवायला सुरुवात केली. ऑरेगन या नावाने विकल्या जाणाऱ्या साखळ्यांचा उगम तो.

या दात्यात नेमकं काय बदललं ते एकदा हातात घेऊन बघण्यासारखं आहे. साखळीचा एक दाता उचला. त्याची उभी भिंत आणि वरचं छप्पर एकाच पत्र्यातून वळवलेलं दिसेल. भिंतीची पुढची कड फटीची बाजू कापते आणि छपराची कड त्याच क्षणी तळातलं लाकूड रंध्यासारखं उचलते. म्हणजे चिरणारा दाता आणि रेकर ही दोन कामं एकाच तुकड्यात आली. दात्याच्या समोर एक लहानसं बोथट टेकाड असतं, ते छपरापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली असतं. दाता एका वेळी किती खोल जाणार हे तेच ठरवतं. हातकरवतीत रेकर आणि कापणारा दाता यांच्यातला जो फरक जपावा लागे, तो आता प्रत्येक दात्याच्या अंगातच बसवलेला आहे. धार लावायला गोल कानस एकच, कोन साधारण ३० अंशांचा आणि तोही सगळ्या दात्यांना सारखाच. आधी डावीकडचे सगळे, मग उजवीकडचे सगळे, प्रत्येकाला मोजून तितक्याच फेऱ्या. गावातल्या वखारीत आज जो चेनसॉ चालतो त्याची साखळी याच घराण्यातली.

चेनसॉच्या इतिहासात हलक्या इंजिनाला जेवढं श्रेय मिळतं त्याहून जास्त या दात्याला मिळायला हवं. तो आल्यावर कमी ताकदीत जास्त लाकूड कापलं जाऊ लागलं, आणि ताकद कमी लागली की बाकी सगळं हलकं करता येतं.

उरलेल्या दोन अडचणीही त्याच सुमारास सुटल्या. तरंगत्या गोळ्याच्या जागी पातळ पडद्याचा कार्ब्युरेटर आला. इंजिनातल्या दाबाच्या चढउताराने एक पडदा हलतो आणि पेट्रोल ओढतो, दुसरा पडदा ते मोजून आत सोडतो. पेट्रोलची उघडी वाटीच नाही, त्यामुळे यंत्र उलटं धरलं तरी चालतं. फिरता सांधा अनावश्यक झाला. कॅलिफोर्नियाच्या मॅककुलक कंपनीचं ३-२५ हे मॉडेल १९४९ मध्ये आलं, वजन २५ पौंड, म्हणजे अकरा किलोंच्या आसपास. श्टील यांचा एकट्याने चालवायचा बीएल १९५० मध्ये आला, १६ किलोचा. १९५९ मध्ये त्यांच्या 'कॉन्ट्रा'ने मधले गिअरच काढून टाकले आणि इंजिनाच्या दांड्यावर थेट साखळीचं चक्र बसवलं. नव्या साखळीला तो वेग सोसत होता म्हणूनच हे शक्य झालं.

दोघांनी झाड पाडायची रीत

आधी झाडाचा कल, वारा आणि वरच्या वाळक्या फांद्या बघायच्या. मग मागे तिरकं, दोन्ही बाजूंना निसटायची वाट साफ करायची. पट्टी आडवी वळवून ज्या दिशेला झाड पाडायचं त्या बाजूला काप घ्यायचा, खोली बुंध्याच्या व्यासाच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाएवढी. त्याच्या वरचा तिरका भाग बऱ्याचदा कुऱ्हाडीनेच काढत, कारण एवढी लांब पट्टी तिरकी धरणं अवघड. ही झाली समोरची खाच.

मागचा काप त्याहून थोडा वरच्या पातळीवर घ्यायचा. काप थोडा आत गेला की साखळीच्या मागे पाचरी ठोकायच्या, म्हणजे झाड मागे बसून पट्टी दाबली जाणार नाही. दोन्ही कापांच्या मध्ये लाकडाची एक अखंड पट्टी सोडायची. ती बिजागरीचं काम करते: झाड पडताना त्याला धरून ठेवते आणि दिशा देते. दोघांनी एकसारखं पुढे सरकायला हवं. एकजण पुढे गेला तर बिजागरी एका बाजूला पातळ होते आणि झाड जाड बाजूकडे वळून पडतं. हीच चूक सर्वांत जास्त होई, कारण इंजिनाच्या आवाजात एकमेकांचं बोलणं ऐकूच येत नसे. जुळलेल्या जोड्या डोक्याच्या आणि हाताच्या खुणांवर काम करत.

झाड करकरलं की इंजिनवाल्याने साखळी थांबवायची. दुसऱ्या टोकाची मूठ बहुतेक यंत्रांवर सुटी करता येई. मदतनीस ती काढून बाजूला होई आणि इंजिनवाला पट्टी आपल्याकडे ओढून घेई. पट्टी अडकली तर ती तिथेच सोडून पळायचं, हा नियम होता. महागडं यंत्र वाचवायला थांबण्याचा मोह जिवावर बेततो.

धोके दोघांचे वेगवेगळे होते. मदतनीसाचे हात साखळी वळते त्या टोकापाशी असत आणि चिपा त्याच्या अंगावर उडत. इंजिनवाल्याच्या तोंडावर धूर येई आणि हातांना तासन्‌तास थरथर सोसावी लागे. वर्षानुवर्षं अशी थरथर सोसली की बोटांचा रक्तपुरवठा बिघडतो, थंडीत बोटं पांढरी पडतात, बधिर होतात. रबरी आधारांवर बसवलेली हँडलं १९६० च्या दशकात आली, झटक्यात साखळी थांबवणारा ब्रेक १९७० च्या दशकात. दोन माणसांच्या यंत्रावर यांतलं काहीच नव्हतं. सुरुवातीच्या बऱ्याच यंत्रांत क्लचही हाताने टाकायचा, तो विसरला की इंजिन सुरू होताच साखळी पळू लागे.

पुढे कललेल्या झाडात आणखी एक भीती असते. समोरची खाच उथळ ठेवून मागून हळू कापत गेलं तर वजनाच्या ताणाने खोड उभं चिरतं आणि चिरलेला मागचा भाग लाथेसारखा वर उसळतो. कापणारा नेमका त्याच्यामागे उभा असतो. आजच्या चेनसॉनेही यात माणसं मरतात.

जुनं यंत्र हाती आलं तर

परदेशात राहणाऱ्या कुणाला जुन्या बाजारात असं यंत्र मिळालं तर पहिली गोष्ट: दोरी ओढू नका. प्लग काढा, सिलिंडरमध्ये चमचाभर पातळ तेल सोडा आणि दोन दिवस थांबा. मग हाताने हळू फिरवून बघा. सायलेन्सर काढला की धुराच्या दारातून पिस्टनची बाजू दिसते. तिच्यावर उभे ओरखडे असतील तर इंजिन खोलावंच लागेल.

ठिणगी येत नसेल तर बहुतेक वेळा दोष मॅग्नेटोच्या, म्हणजे ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या भागाच्या, पॉइंटचा. ते बारीक पॉलिश पेपरने साफ करा आणि फट ०.४ ते ०.५ मिलिमीटर ठेवा. तरीही ठिणगी पिवळी, अशक्त असेल तर कंडेन्सर बदला. दांड्याचे रबरी सील कडक झाले असतील तर इंजिन हवा ओढतं, मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन तापून जळतो. इंजिन गरम झाल्यावर आपोआप वेग वाढत गेला तर हेच कारण समजा आणि लगेच बंद करा.

तेलाचं प्रमाण नीट समजून घ्या. जुन्या पाटीवर १६ ला १ असं लिहिलेलं असतं, म्हणजे लिटरला साधारण ६३ मिली. ते त्या काळच्या साध्या तेलासाठी. आजचं चांगलं टू-टी तेल वापरत असाल तर २५ ला १, म्हणजे लिटरला ४० मिली, हे सुरक्षित. स्कूटरच्या सवयीने लिटरला वीस मिली टाकलंत तर या इंजिनाचे जुने बेअरिंग टिकणार नाहीत. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल टाळा. काही कार्ब्युरेटरांत बुचाच्या लाकडाचा तरंगता गोळा असतो, त्यावरचा लाखेचा थर इथेनॉलने विरघळतो, गोळा पेट्रोल पितो आणि बुडतो. मग पेट्रोल सतत ओसंडत राहतं. गिअरपेटीचं तेल वेगळं असतं. तिथल्या सीलमधून ते गळून गेलेलं असू शकतं, म्हणून चालू करण्याआधी बघा.

जुनी ओरखडणारी साखळी लाकडात चालवू नका. तिच्या रिव्हेटांभोवती दिसणार नाहीत अशा चिरा असतात. नुसतं इंजिन ऐकवायचं असेल तर साखळी उतरवून ऐकवा. रंग आणि पाटी मूळची असेल तर ती तशीच ठेवा. नवा चकचकीत रंग मारलेलं यंत्र देखणं दिसतं, पण त्यावरचा इतिहास पुसला जातो.

हातकरवतीची गोष्ट वेगळी आहे. ती अजून कामात आहे. अमेरिकेच्या १९६४ च्या वन्यप्रदेश कायद्याने राखीव रानांत मोटरवर चालणारी अवजारं वापरायला मनाई केली. तिथल्या पायवाटांवर पडलेली झाडं कापायला आजही दोघांची करवतच जाते आणि पाठीकडे पातळ घासलेलं जुनं पातं मिळालं तर ती माणसं खूश होतात. अशी करवत गंजलेली सापडली तर तारेच्या चक्राने किंवा वाळूच्या फवाऱ्याने घासू नका, पातं तापतं आणि दात्यांचं पाणी उतरतं. तेल आणि सपाट घासदगड घेऊन हाताने साफ करा. पात्यावर सरळपट्टी ठेवून कुठे पोचा किंवा पीळ आहे का ते बघा. दाते किती उरलेत आणि रेकर शाबूत आहेत का, यावर तिची किंमत ठरते. ठेवताना सरळ टांगा. वाटेवर नेताना ती खांद्यावर घेतात, दाते मानेपासून दूर, बाहेरच्या बाजूला, आणि त्यांच्यावर आगीच्या बंबाच्या जुन्या कापडी पाइपाचा उभा चिरलेला लांब तुकडा चढवून दोन-तीन ठिकाणी दोरीने बांधतात.